स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळण्यासाठी: दिवसाची सवय आणि पहाटेचा संकल्प

पहाटेची गाडी पकडायची असली की अनेकांना अलार्म वाजायच्या दोन-चार मिनिटं आधीच जाग येते. याला शरीरात आधार आहे. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठातल्या यान बॉर्न आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग १९९९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी सहाला उठवणार असं सांगून ज्यांना झोपवलं, त्यांच्या रक्तात उठण्याच्या आधीच्या तासाभरात एसीटीएच हे, शरीराला जागेपणासाठी तयार करणारं, संप्रेरक वाढू लागलं. नऊला उठवू असं सांगून ज्यांना अचानक सहालाच उठवलं, त्यांच्यात ही आधीची वाढ दिसली नाही. झोपण्यापूर्वी मनाशी ठरवलेली गोष्ट झोपेतही आपलं काम करत राहते, एवढं यातून नक्की दिसतं.

सजग स्वप्नाचा, म्हणजे ल्युसिड ड्रीमिंगचा, सगळा सराव याच क्षमतेवर उभा आहे. स्वप्न चालू असताना ‘मी आत्ता स्वप्नात आहे’ हे कळणं एवढीच त्याची व्याख्या. स्वप्नावर ताबा मिळणं हा पुढचा आणि ऐच्छिक भाग. अशी जाणीव खरोखर झोपेतच होते याचा पुरावा १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात मिळाला. कीथ हर्न यांच्या प्रयोगशाळेत झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी, आधी ठरवल्याप्रमाणे, स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली. यंत्रांवर त्या वेळी झोप स्पष्ट नोंदली जात होती. झोपेत हातपाय शिथिल असतात, पण डोळ्यांचे स्नायू हलू शकतात, म्हणून ही खूण शक्य झाली. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. पन्नास वर्षांतल्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज २०१६ मध्ये झाली, तेव्हा सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडल्याचं आणि २३ टक्के लोकांना महिन्यातून एकदा किंवा जास्त पडत असल्याचं दिसलं. म्हणजे ही सिद्धी वगैरे नव्हे, बऱ्याच जणांच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

मग अडतं कुठे? स्वप्नं ज्या रेम झोपेत (डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेत) सर्वांत ठळक पडतात, त्या अवस्थेत मेंदूच्या पुढच्या भागातला तर्क करणारा, तपासून पाहणारा विभाग मंदावलेला असतो. म्हणून दहा वर्षांपूर्वी गेलेले आजोबा समोर बसून चहा पितात आणि आपल्याला काही खटकत नाही. ‘स्वप्नात मी विचार करून ओळखीन’ हा बेत इथेच फसतो, कारण विचार करणारं यंत्रच मंदावलेलं असतं. सवय आणि ओढ मात्र चालू असतात. त्यामुळे ओळखण्याचं काम तर्काकडून काढून सवयीकडे सोपवायचं, आणि ती सवय जागेपणी घडवायची.

आधी झोप, मग वही

रात्रीच्या झोपेची साधारण दीड तासाची आवर्तनं असतात. पहिल्या आवर्तनांत गाढ झोप जास्त आणि रेम जेमतेम काही मिनिटं. पहाटेकडे रेमचा काळ वाढत जातो, शेवटच्या आवर्तनांत तो अर्धा तास किंवा त्याहूनही लांबतो. जो सहा तास झोपतो तो शेवटचा, सर्वांत स्वप्नाळू भाग गमावतो. म्हणून साडेसात ते आठ तास झोप आणि उठण्याची ठरलेली वेळ ही पहिली अट आहे. ती पाळता येत नसेल, तर पुढचं काही करू नका. रात्रीचं मद्य रेम दाबतं, आणि संध्याकाळी सहानंतरचा चहा-कॉफी झोपेचे तुकडे करतो. नैराश्यावरची काही औषधंही रेम कमी करतात, पण या छंदासाठी ती स्वतःहून बंद करणं किंवा कमी करणं हा धोकादायक वेडेपणा आहे.

त्यानंतर वही. स्वप्न आठवतच नसेल तर त्यात जाग आली होती की नाही हेही कळणार नाही. शिवाय पुढे लागणारी सगळी सामग्री याच वहीतून मिळते.

उशाशी वही आणि पेन ठेवा. झोपताना पानावर उद्याची तारीख लिहून ठेवा. ही लहानशी कृती म्हणजे आठवण ठेवण्याचा पहिला संकल्प. जाग आली की हलू नका, डोळे उघडू नका. आधी स्वतःला विचारा, ‘आत्ता कुठे होतो?’ शेवटचा प्रसंग पकडा आणि ‘त्याआधी काय होतं?’ असं मागे मागे जा. काहीच हाती लागलं नाही, तर सावकाश कुशीवर वळा आणि ज्या ज्या स्थितीत तुम्ही एरवी झोपता त्यात मिनिटभर थांबा. त्या कुशीवर पडलेलं स्वप्न बऱ्याचदा तिथेच आठवतं. मग चार-पाच शब्द खरडा: जागा, माणसं, विचित्र गोष्ट, मनाची अवस्था. पूर्ण वाक्यं नंतर, चहा घेताना. लिहिताना वर्तमानकाळ वापरा आणि स्वप्नाला शीर्षक द्या. स्वप्न मालवणीत बोललं असेल तर मालवणीतच लिहा, ‘शुद्ध’ करू नका. तपशील त्या शब्दांतच असतात.

फोनवर लिहिणं टाळा. पडदा उजळला की आलेले निरोप दिसतात आणि स्वप्न पुसलं जातं. लिहायचा अगदीच कंटाळा असेल, तर पडदा न पाहता आवाज रेकॉर्ड करता येईल अशी सोय ठेवा. काही आठवलं नाही त्या दिवशीही ‘आठवत नाही, पण अस्वस्थ वाटतंय’ एवढी ओळ लिहाच. पान कोरं सोडलं की आठवडाभरात वही कपाटात जाते. रोज किमान एक स्वप्न बऱ्यापैकी आठवेपर्यंत, म्हणजे बहुतेकांना दोन ते तीन आठवडे, इथेच थांबा. सगळ्यात जास्त लोक घाई करतात ती याच टप्प्यावर.

वहीतून खुणा काढणं

पंधरा-वीस स्वप्नं जमली की एका बैठकीत सगळी वाचा आणि परत परत येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. दहावीची परीक्षा आणि पेपर कोरा. जुनं घर, पण त्यात नसलेली एक खोली. सुटलेली लोकल. हयात नसलेलं माणूस. पाय जड होऊन पळता न येणं. हरवलेली चप्पल. या तुमच्या स्वप्नखुणा. दुसऱ्याची यादी उसनी घेऊ नका. इतरांच्या स्वप्नात विमानं पडत असतील, तुमच्या स्वप्नात बाई रोज गॅस चालू ठेवून जात असेल.

त्यातल्या दोन-तीन निवडा. निवडताना दोन कसोट्या लावा: ती खूण वारंवार येते का, आणि जागेपणीही तिच्याशी मिळतंजुळतं काही घडतं का. हयात नसलेले आजोबा दिवसा भेटणार नाहीत, पण त्यांचा फोटो दिसतो. लोकल सुटत नसेल, पण जिना, फलाट, धावपळ असते. असे दुवे सापडले की दिवसाची सवय आणि रात्रीचं स्वप्न यांना जोडणारी वाट तयार होते.

‘जर–तर’ची सवय

मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. ‘मी व्यायाम करीन’ यापेक्षा ‘चहाचा कप खाली ठेवला की बूट घालीन’ असा ठराविक प्रसंगाशी जोडलेला निश्चय जास्त वेळा पार पडतो, कारण प्रसंग आला की कृती आपोआप समोर येते. स्वप्नासाठीही असंच बांधायचं: ‘जर जिना चढायला लागलो, तर थांबून तपासीन.’

तासातासाला मोबाईलचा अलार्म लावून तपासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कुचकामी आहे. अलार्म जागेपणी आठवण करून देतो, पण स्वप्नात तो वाजत नाही, आणि सवय अलार्मला चिकटते, तुमच्या मनाला नाही. घडामोडीवर आधारलेली आठवण घडवायला हवी.

त्यासाठी आठवडाभर एक व्यायाम करा. रोज सकाळी चार प्रसंग ठरवा आणि लिहून न ठेवता मनात धरा: आज पहिल्यांदा आरशात पाहीन तेव्हा, पहिल्यांदा मांजर दिसेल तेव्हा, कुणी माझं नाव घेऊन हाक मारेल तेव्हा, पहिल्यांदा कुलूप उघडीन तेव्हा. प्रत्येक प्रसंगी तपासणी करायची. रात्री चारपैकी किती साधले ते लिहायचं. सुरुवातीला एक-दोन साधतात. चुकलेलं लक्षात आलं की ‘अरे, मघाशी आरसा होता’ असं तो क्षण मनात पुन्हा उभा करून सोडून द्या, चिडू नका. चारपैकी तीन सलग काही दिवस साधू लागले की आठवणीचा हा स्नायू तयार झाला असं समजा आणि या चार प्रसंगांच्या जागी तुमच्या वहीतल्या खुणा बसवा.

तपासणी म्हणजे काय, हे बारकाईने करायला हवं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोलाय यांचा भर कृतीपेक्षा प्रश्नावर होता, आणि तो योग्यच आहे.

पहिलं, थांबा आणि दहा-पंधरा सेकंद खरोखर धरून चाला की हे स्वप्न आहे. भिंत, उजेड, आवाज, सगळं स्वप्नातलं मानून पाहा.

दुसरं, मागचा माग काढा: इथे कसा आलो? त्याआधी कुठे होतो? जागेपणी पाच-दहा मिनिटांची सलग साखळी मिळते. स्वप्नात ती बहुधा तुटते, कारण स्वप्न मधूनच सुरू झालेलं असतं.

तिसरं, शारीरिक कसोटी, तीही दोन प्रकारची. नाक चिमटीत बंद करून, तोंड मिटून, हळूच श्वास ओढून पाहा. स्वप्नात श्वास आत येतो, कारण अंथरुणातलं खरं नाक उघडंच असतं. दुसरी कसोटी वाचनाची: दुकानाची पाटी किंवा घड्याळ वाचा, नजर वळवा, परत वाचा. स्वप्नात अक्षरं आणि आकडे सहसा बदलतात. दिव्याचं बटण दाबूनही पाहता येतं. स्वप्नात खोली झटकन उजळत नाही, हे कीथ हर्न यांनी नोंदवलं होतं. आपल्याकडची लोकप्रिय ‘चिमटा काढून बघ’ ही कसोटी मात्र सोडून द्या. स्वप्नातही चिमटा दुखू शकतो.

चौथं, जागे असल्याची खात्री झाली की लगेच निघून जाऊ नका. ‘पुढच्या वेळी असंच स्वप्नात करीन’ असं म्हणून खुणेचा प्रसंग एकदा डोळ्यांसमोर आणा.

हे दिवसातून पाच ते दहा वेळा पुरे. वीस वेळा घाईत नाक दाबण्यापेक्षा पाच वेळा मनापासून केलेलं जास्त फळतं. कारण सवय जशी घडवाल तशीच ती स्वप्नात उतरते. ‘मी जागाच आहे’ हे गृहीत धरून यांत्रिकपणे नाक दाबणारा माणूस स्वप्नातही नाक दाबतो, श्वास आत येतो, आणि तो ‘हं, जागाच आहे’ म्हणत पुढे चालायला लागतो. वहीत अशी नोंद सापडली तर निराश होऊ नका. सवय स्वप्नापर्यंत पोहोचली आहे, त्यात खरी शंका घालायची राहिली आहे.

तरीही नुसत्या तपासण्यांवर विसंबू नका. ऑस्ट्रेलियात ॲडलेडचे संशोधक डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात फक्त तपासण्या करणाऱ्या गटात सजग स्वप्नांत लक्षणीय वाढ दिसली नाही. तपासण्या, पहाटेची जाग आणि संकल्प हे तिन्ही एकत्र करणाऱ्यांना यश मिळालं.

पहाटेचा संकल्प

लाबर्ज यांनी संकल्पाची ही पद्धत ‘माइल्ड’ (आठवणीच्या आधारे सजग स्वप्न आणणं, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप) या नावाने बांधली. ती रात्री झोपताना केली तर फारशी चालत नाही, कारण मध्ये गाढ झोपेचे तीन-चार तास असतात. ती पहाटे करायची.

अकराला झोपत असाल तर चारचा अलार्म लावा, म्हणजे झोप लागल्यापासून सुमारे पाच तास. घरात इतरांची झोप मोडू नये म्हणून मनगटावरचं थरथरणारं घड्याळ सर्वांत चांगलं. नाहीतर फोन थरथरता ठेवून उशीखाली ठेवा. स्नूझ वापरू नका. ही रात्र आठवड्यातून दोनदाच, शक्यतो दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा.

उठल्यावर न हलता स्वप्न आठवा आणि खरडा. मग उठून बसा, घोटभर पाणी प्या, स्वच्छतागृहात जाऊन या. दिवा मंद, फोन बंद. किती वेळ जागं राहायचं हे ज्याचं त्याने शोधायचं असतं. पटकन झोप लागणाऱ्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, ज्यांची झोप लवकर उडते त्यांना पाच मिनिटं पुरतात. डोकं लख्ख झालं की फार झालं, डोळे जड असताना परत आडवं व्हायला हवं.

आता आडवे व्हा आणि आत्ताच पडलेलं स्वप्न पुन्हा आठवा. त्यात खूण शोधा, समजा ती नसलेली खोली. मग कल्पनेत त्याच स्वप्नात शिरा, पण या वेळी त्या खोलीच्या दारात थांबा, नाक दाबा, श्वास आत येतोय हे अनुभवा, आणि ‘अरे, हे स्वप्न आहे’ हा उमज येऊ द्या. त्यासोबत सावकाश म्हणा: ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा माझ्या लक्षात येईल की हे स्वप्न आहे.’ वाक्य तुमच्या रोजच्या बोलीत असू द्या. ‘मला ल्युसिड व्हायचंच आहे’ यात ताण आहे, कसली आठवण ठेवायची ते मात्र नाही. योगनिद्रेतला संकल्प ज्यांनी केला आहे त्यांना ही जात ओळखीची वाटेल: छोटं, होकारार्थी, शांतपणे घेतलेलं वाक्य.

वाक्य आणि चित्र आलटून पालटून, पाच-दहा मिनिटं. मन भरकटलं तर परत आणा. महत्त्वाचं हे की झोप लागण्यापूर्वी मनात शेवटचा विचार हाच असावा. ॲस्पी यांच्याच अभ्यासात संकल्प संपल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांचे जवळपास ४६ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. म्हणून संकल्प करताना झोप उडू लागली तर वाक्य सोडा, फक्त चित्र ठेवा, अंग सैल सोडा. वाक्य निव्वळ घोकंपट्टी झालं असेल तर उलट करा: दर वेळी म्हणण्याआधी चित्र नव्याने उभं करा.

चारला उठणं शक्यच नसेल, तर सुट्टीच्या दिवशी नेहमीच्या वेळी उठून तासभर जागे राहा आणि मग संकल्प करून दीड तास पुन्हा झोपा. सकाळच्या या झोपेत रेम भरपूर असतं, दुपारच्या वामकुक्षीत तितकं नसतं. घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू होण्याआधीची वेळ निवडा.

जाणीव आल्यावरची पहिली तीस सेकंदं

पहिल्यांदा ‘हे स्वप्न आहे’ हे कळलं की हर्ष होतो आणि त्या हर्षानेच जाग येते. म्हणून काहीही करण्याआधी स्वप्न स्थिर करा. दोन्ही हात एकमेकांवर चोळा आणि घर्षण जाणवू द्या. भिंत, माती, कपडा, जे जवळ असेल त्याला हात लावा. एकाच वस्तूकडे टक लावू नका, दृश्य विरू लागतं. विरायला लागलंच तर जागच्या जागी गिरकी घ्या. ‘मी स्वप्नात आहे’ असं अधूनमधून मोठ्याने म्हणा, नाहीतर काही क्षणांत जाणीव निसटून तुम्ही पुन्हा कथेत ओढले जाल.

पहिल्या वेळेसाठी लहान काम आधीच ठरवून ठेवा: झाडाच्या सालीला हात लावायचा, एवढंच. उडणं, प्रवास, कुणाला भेटणं नंतर. हवं ते घडवताना हुकूम सोडून चालत नाही. स्वप्न अपेक्षेवर चालतं. ‘समुद्र दिसू दे’ असं ओरडण्यापेक्षा समोरच्या दारापलीकडे समुद्र आहे असं मानून दार उघडणं जास्त वेळा साधतं.

जाग आल्यासारखं वाटलं की पहिली कृती नेहमी तपासणी. खोटी जाग फार येते: अंथरुण, पंखा, खोली, सगळं जसंच्या तसं, आणि तरी ते स्वप्नच. यासाठी रोज सकाळी उठल्यावर नाक दाबून पाहण्याची सवय ठेवा.

काय बिघडतं

पहाटे जागं झाल्यावर परत झोपच लागत नसेल, तर जागं राहण्याचा वेळ निम्मा करा. तरीही नाही जमलं तर अलार्म सोडून द्या आणि रात्री आपोआप जाग येईल तेव्हाच संकल्प करा. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटत असतील तर महिनाभर पहाटेची जाग बंद. झोपेचं कर्ज काढून हा सराव करू नये.

जाग येताना अंग हलत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं, कधी आकृती दिसते. हा निद्रापक्षाघात. रेममधली स्नायूंची शिथिलता जागेपणात काही क्षण रेंगाळते, म्हणून असं होतं. घाबरून झगडू नका, श्वास सावकाश घ्या, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. पाठीवर झोपल्याने हे जास्त होतं, तर कुशीवर झोपा.

मनोविकृतीचे आजार, बायपोलर, फिट्स, गंभीर निद्रानाश, किंवा ‘हे खरं आहे की नाही’ असं जागेपणीही सतत वाटणं, यांपैकी काही असेल तर हा सराव टाळा. मोडलेली झोप आणि वास्तवावर घेतलेली शंका या दोन्ही गोष्टी अशा वेळी अपाय करू शकतात. विस्मृतीवरचं गॅलंटामिन हे औषध यासाठी वापरल्याच्या कहाण्या वाचायला मिळतात; डॉक्टरांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

दोन महिने नियमित करूनही काही घडलं नाही, तर वही उघडा आणि तीन गोष्टी बघा. रोज स्वप्न आठवतंय का; नसेल तर झोपेकडे आणि वहीकडे परत जा. स्वप्नात खुणा येताहेत पण तपासणी होत नाही. मग चार प्रसंगांचा व्यायाम आठवडाभर पुन्हा. स्वप्नात तपासणी होते पण उलगडा होत नाही. मग दिवसाच्या तपासण्या पाचवर आणा आणि त्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतली शंका खरी करा. स्वप्नखुणा दर महिन्याला नव्याने काढा, कारण घर, नोकरी, ऋतू बदलला की स्वप्नंही बदलतात आणि जुन्या खुणेची वाट पाहण्यात आठवडे जातात.